गोव्याचा २१ हजार वर्षांपूर्वीचा किनारा नकाशावर कसा काढायचा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे पेडण्याला आला होता, आगरवाड्याच्या बाजूला मिठागरं बघायला घेऊन गेले त्याला, आणि बांधावर उभं राहून त्याने विचारलं, मावशे, ही नदी आणि शेत यांच्यामध्ये हा एवढाच मातीचा बांध, मग बांध नव्हता तेव्हा समुद्र कुठपर्यंत होता? मी म्हटलं, आत होता. तो म्हणाला, आणि त्याच्याही आधी? तेव्हा मी त्याला सांगितलं की त्याच्याही आधी तो इथून शंभर एक किलोमीटर बाहेर होता आणि आपण जिथे मासे पकडायला जातो तिथे जमीन होती, कोरडी. त्याचा विश्वास बसेना, मग आम्ही दोघांनी बसून तो किनारा नकाशावर काढला. तीन दिवस लागले. ते कसं केलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हे कोणीही घरी बसून करू शकतं, आणि गोव्यातल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं.

आधी सामान. इंटरनेट असलेला कॉम्प्युटर, क्यूजीआयएस नावाचं नकाशे काढायचं फुकट सॉफ्टवेअर (ते जमत नसेल तर नुसतं गुगल अर्थ, समुद्रावर कर्सर फिरवला की खाली खोली दिसते, मोबाईलवर नाही पण कॉम्प्युटरवर दिसते), समुद्राच्या तळाची खोली देणारा जेब्कोचा डेटा जो फुकट डाउनलोड होतो, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल. आणि पातेलं, एक करवंटी आणि फ्रीजमधला बर्फ. हो, बर्फ सगळ्यात आधी.

पातेल्यापासून सुरुवात करा

दोन सारखी पातेली घ्या. एकात पाणी घालून त्यात बर्फाचे खडे सोडा, तरंगू देत. दुसऱ्यात एक दगड ठेवा, दगडावर उपडी करवंटी, करवंटी पाण्याच्या वर राहील एवढंच पाणी घाला, आणि तेवढेच बर्फाचे खडे करवंटीवर ठेवा. दोन्ही पातेल्यांत पाणी कुठे आहे तिथे मार्करने खूण करा. तासाभराने या. पहिल्या पातेल्यात पाणी होतं तिथेच राहतं, दुसऱ्यात चढतं. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाएवढं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, त्यामुळे तो वितळला काय न वितळला काय, पातळीला जवळपास फरक नाही. जमिनीवरचा बर्फ मात्र वितळला की नवीन पाणी समुद्रात येतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं निम्मं काम झालं, कारण उत्तर ध्रुवाचा तरंगता बर्फ आणि ग्रीनलंडचा जमिनीवरचा बर्फ यांच्यात लोक फार गोंधळ करतात.

आता आकडे. पृथ्वीवरचे सगळे समुद्र मिळून क्षेत्रफळ साधारण ३६ कोटी २० लाख चौरस किलोमीटर. त्यामुळे समुद्र १ मिलिमीटर चढवायचा तर ३६२ घन किलोमीटर पाणी लागतं, म्हणजे ३६,२०० कोटी टन. ही एकच संख्या पाठ करा, बाकी सगळं यातून निघतं. आज ग्रीनलंडवर जेवढा बर्फ आहे तो सगळा वितळला तर समुद्र सुमारे ७.४ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर सुमारे ५८ मीटर. आणि हिमयुगाच्या ऐन भरात, साधारण २१ हजार वर्षांपूर्वी, या दोघांशिवाय बर्फाच्या आणखी दोन प्रचंड चादरी जमिनीवर होत्या, एक कॅनडाचा बहुतेक भाग झाकून अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत उतरलेली लॉरेंटाइड, जिची जाडी काही ठिकाणी ३ किलोमीटरच्या वर होती, आणि दुसरी नॉर्वे स्वीडन फिनलंडवरची. अंटार्क्टिकाचा बर्फसुद्धा आजच्यापेक्षा जास्त होता.

भाच्याला मी हे गणित करायला लावलं: समुद्र १२० मीटर खाली जायला किती पाणी काढून घ्यावं लागेल? ०.१२ गुणिले ३६.२ कोटी, म्हणजे ४.३ कोटी घन किलोमीटर पाणी. बर्फ पाण्यापेक्षा हलका, घनता ०.९१७ च्या आसपास, म्हणून बर्फ झाला ४.७ कोटी घन किलोमीटर. शास्त्रज्ञांचा अंदाज याच्याहून थोडा जास्त, ५ कोटींच्या आसपास आहे, पण आपलं वहीवरचं गणित बरोबर त्याच घरात जाऊन बसतं. अजून एक, समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटर धरली तर त्यातलं १२० मीटर गोडं पाणी निघून गेलं म्हणजे उरलेलं पाणी सुमारे ३ टक्के जास्त खारट झालं. मिठागरात काम करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कुठल्या काळी किती खाली, हे कुठून घ्यायचं

इथे थोडं थांबून समजून घ्या, नाहीतर नकाशा म्हणजे नुसतं चित्र होईल.

जुन्या पातळीचे दोन मोठे साक्षीदार. पहिला प्रवाळ. कॅरिबियनमध्ये अॅक्रोपोरा पाल्माटा नावाचं एक फांद्याफांद्यांचं प्रवाळ आहे, ते मुख्यतः पृष्ठभागापासून ५ मीटरच्या आत वाढतं कारण त्याला ऊन आणि लाटा दोन्ही लागतात. समुद्र चढला की जुनं खाली बुडून मरतं आणि नवं वर येतं. बार्बाडोसच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळात भोकं पाडून अशी मेलेली प्रवाळं १०० मीटरच्याही खालून काढली, त्यांचं वय काढलं, आणि १९८९ मध्ये पहिल्यांदा शेवटच्या हिमयुगापासून आजपर्यंतचा चढता आलेख एकसलग मिळाला. म्हणजे प्रवाळ हीच पट्टी, फक्त पट्टीवर आकडे कोरायला युरेनियम आणि थोरियम लागले (प्रवाळातल्या त्यांच्या प्रमाणावरून नंतर नेमकी वयं काढली).

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, मी स्वतः यात बरेच दिवस अडकले होते. जुन्या पुस्तकांत हिमयुगाचा भर '१८ हजार वर्षांपूर्वी' लिहिलेला असतो, नव्यांत '२१ हजार'. दोन्ही एकच वेळ आहे! जुना आकडा रेडिओकार्बनचा (अवशेषात उरलेल्या कार्बन-१४ वरून वय काढायची पद्धत) कच्चा आकडा आहे, आणि हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं नसतं म्हणून तो कच्चा आकडा खऱ्या वर्षांत बदलून घ्यावा लागतो, त्या काळासाठी फरक ३ हजार वर्षांच्या आसपास पडतो. त्यामुळे दोन पुस्तकांतले आकडे एका तक्त्यात मांडताना आधी बघा की वर्षं कुठली आहेत.

दुसरा साक्षीदार खोल समुद्राच्या चिखलात आहे. फोरॅमिनिफेरा नावाचे अगदी बारीक जीव, वाळूच्या कणाएवढे, ते पाण्यातल्याच द्रव्यातून चुन्याचं कवच करतात. पाण्यात दोन तऱ्हेचा ऑक्सिजन असतो, हलका १६ आणि जड १८. मिठागराच्या कोंडीत ऊन्हाने पाणी उडतं तेव्हा हलकं पाणी आधी उडतं, समुद्रावरही तेच. एरवी ते ढगात जातं, पाऊस पडतो, नदीतून परत येतं, हिशोब पूर्ण. पण हिमयुगात ते ध्रुवाकडे जाऊन बर्फ होऊन तिथेच अडकलं, परत आलंच नाही, म्हणून समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं आणि ते त्या कवचांत नोंदलं गेलं. १० मीटर पातळी बदलली की हजारात साधारण ०.१ एवढा फरक. १९५५ मध्ये एमिलियानी या शास्त्रज्ञांनी या कवचांवरून हिमयुगांची मालिका मांडली तेव्हा त्यांना तो फरक मुख्यतः तापमानाचा वाटला होता, १९६७ मध्ये निकोलस शॅकलटन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यातला मोठा वाटा बर्फाचा आहे. खरं तर दोन्ही मिसळलेलं असतं, थंड पाण्यातही कवच जड होतं, त्यामुळे नुसत्या ऑक्सिजनवरून थेट मीटर काढू नका. १९७६ मध्ये हीच नोंद वापरून सिद्ध झालं की हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या तालावर येतात जातात, सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांचे ताल.

आपल्या कामासाठी तक्ता असा धरा, सगळे आकडे जगाच्या सरासरीचे आणि साधारण: २१ हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली. साडेचौदा हजारांच्या थोडं आधी ९५ ते १०० मीटर खाली. लगेच त्यानंतर ८० मीटर. ११,७०० वर्षांपूर्वी ६० मीटर. १० हजारला ४० ते ४५. ८ हजारला १५ च्या आसपास. ७ हजारला ५ मीटर किंवा त्याहून कमी. तिथून पुढे मोठं वितळणं संपलं.

त्या ९५ वरून ८० वर जाण्याकडे नीट बघा. ताहितीच्या प्रवाळांवरून २०१२ मध्ये जो हिशोब आला त्यात १४,६५० ते १४,३१० वर्षांपूर्वी, म्हणजे जेमतेम ३४० वर्षांत, समुद्र १४ ते १८ मीटर चढला. वर्षाला ४ सेंटीमीटरच्या वर. आज तो वर्षाला ४ मिलिमीटरच्या जवळपास चढतोय, तर हे त्याच्या दहापट. बर्फाच्या चादरी कोसळतात तेव्हा हळूहळूच कोसळतील असा काही नियम नाही हे या ३४० वर्षांनी दाखवून दिलंय, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट हीच आहे.

आता नकाशा

जेब्कोच्या साइटवर जाऊन चौकोन निवडा, उत्तर अक्षांश १४.५ ते १६.५, पूर्व रेखांश ७२ ते ७४.५ घ्या म्हणजे कारवारपासून देवगडपर्यंतचा किनारा आणि समोरचा समुद्र येतो. फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडा, कंटूर, म्हणजे सारख्या खोलीच्या रेषा, काढायचं टूल आहे त्यात अंतर ५ मीटर द्या. मग उणे १२५, उणे ९५, उणे ८०, उणे ६०, उणे ४०, उणे १५ अशा रेषा वेगवेगळ्या रंगात करा. उणे १२५ ची रेषा हा तुमचा २१ हजार वर्षांपूर्वीचा किनारा, पहिला कच्चा खर्डा. सॉफ्टवेअर जमत नसेल तर गुगल अर्थवर पणजीपासून सरळ पश्चिमेला कर्सर नेत जा आणि या खोल्या आल्या की खूण करा, मग मोरजीहून, मग काणकोणहून, आणि खुणा जोडा. भाच्याने असंच केलं आणि छान जमलं त्याला.

कोणाच्या घरी जुने नौकानयनाचे चार्ट असतील तर तेही चालतील पण त्यात दोन खाचखळगे. एक, जुन्या चार्टवर खोली मीटरमध्ये नसून वावांत असते, १ वाव म्हणजे १.८३ मीटर, हे न बघता रेषा काढली तर किनारा कुठच्या कुठे जाईल. दोन, चार्टवरची खोली सरासरी पातळीपासून नाही तर ओहोटीच्या अगदी खालच्या पाण्यापासून मोजतात, कारण जहाजाला निदान एवढं पाणी मिळेल हे सांगायचं असतं. खोल समुद्रात या एक दीड मीटरने काही बिघडत नाही, पण ७ हजार वर्षांपूर्वीचा किनारा काढताना नक्की बिघडतं.

रेषा काढून झाल्या की बघत बसा थोडा वेळ. समुद्रातला तो सपाट उथळ भाग, ज्याला भूखंडमंच म्हणतात, तो गोव्यासमोर शंभर एक किलोमीटर रुंद आहे, आणि जवळपास सगळाच कोरडा होता. मांडवी आणि जुवारी आज जिथे समुद्राला मिळतात तिथून पुढे तेवढंच अंतर मैदानातून वाहत जात होत्या, आणि समुद्र खाली गेल्यामुळे त्यांनी आपली पात्रं खोल कोरली. मग समुद्र चढला आणि ती दरी बुडाली, म्हणून तर आपल्या नद्यांची तोंडं एवढी रुंद आहेत आणि भरतीचं पाणी मांडवीत पार गांज्यापर्यंत जातं. नद्यांच्या त्या जुन्या पात्रांवर आता समुद्रतळाचा चिखल बसलाय, आवाजाच्या लाटा तळाखाली सोडून मोजणी केली की ती गाडलेली पात्रं दिसतात. वास्कोसमोरचं ग्रांदी बेट तेव्हा बेट नव्हतंच, मैदानात उभा असलेला एक डोंगर होता. आणि वर विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात अँग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा उंचवटा आहे, सुमारे ४० किलोमीटर लांब, माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, तो तेव्हा समुद्रकाठचं पठार असणार. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ही जागा त्यांच्या आरमाराच्या कित्येक हजार वर्षं आधी पायी जाण्यासारखी होती, हे सांगितल्यावर भाचा नकाशावरून उठेना.

आणखी एक हिशोब करा. शंभर किलोमीटरला १२५ मीटर उतार, म्हणजे सरासरी ८०० मीटर चाललं की १ मीटर खाली. वर्षाला ४ सेंटीमीटर पाणी चढलं तर किनारा वर्षाला ३० ते ३५ मीटर आत येतो. साठ वर्षांच्या आयुष्यात २ किलोमीटर. उतार सगळीकडे सारखा नाही त्यामुळे हा ढोबळ आकडा आहे, पण त्या काळी इथे कोणी किनाऱ्यावर राहत असेल तर त्याला आजोबांची जागा पाण्याखाली गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसली असती.

परशुरामाने बाण सोडला आणि समुद्र मागे हटला ही गोष्ट आपण सगळे ऐकत मोठे झालो, बाणावलीचं नावच त्यावरून सांगतात. त्या गोष्टीचा हा पुरावा आहे असं मी म्हणत नाही, कृपा करून तसं फॉरवर्ड करू नका. गोष्ट गोष्टीच्या जागी मला प्रिय आहे. समुद्र मागे हटणं आणि परत येणं हे दोन्ही इथे अनेकदा झालंय, आणि ते बर्फाने केलंय, एवढंच नकाशा सांगतो.

खर्डा सुधारणं

इथपर्यंत आपण समुद्राला बादलीसारखं धरलं, पाणी काढलं की सगळीकडे सारखं खाली, घातलं की सारखं वर. तसं नसतं, आणि मला वाटतं या विषयातली खरी मजा इथेच आहे.

पहिली गोष्ट वजनाची. नदीतून रेती काढणारी होडी आठवा, भरली की काठापर्यंत पाण्यात जाते, धक्क्यावर रेती उतरवली की वर येते. पृथ्वीचं कवच तसंच खालच्या गरम, अतिशय घट्ट आणि अतिशय सावकाश सरकणाऱ्या खडकावर तरंगतंय. ३ किलोमीटर बर्फ ठेवला की कवच खाली दबतं, बर्फ गेला की वर येतं, फक्त होडीला मिनिटं लागतात आणि याला हजारो वर्षं. कॅनडात हडसन उपसागराच्या आसपास जमीन अजून वर्षाला सुमारे १ सेंटीमीटर वर येतेय, बर्फ जाऊन एवढी वर्षं झाली तरी. भाकरीच्या पिठाच्या गोळ्यावर मूठ दाबली की बाजूने फुगतो ना, तसं बर्फाच्या कडेबाहेरची जमीन तेव्हा फुगली होती आणि आता ती खाली बसतेय. म्हणून जुन्या बर्फाच्या जवळचा किनारा घेऊन जगाची पातळी काढायला गेलात तर फसाल. बार्बाडोस, ताहिती असली लांबची ठिकाणं निवडली ती यासाठीच. गोवाही लांबच आहे, त्यामुळे आपला नकाशा बराच खरा येतो. पण पाण्यालाही वजन असतं, आपल्या मंचावर शंभर मीटर पाणी चढलं तेव्हा तो तळ थोडा दबला आणि किनाऱ्याची जमीन किंचित कलली, काही मीटरचा हिशोब तिथे मागेपुढे होतो. याच कारणाने विषुववृत्ताजवळच्या बऱ्याच बेटांवर पाच सहा हजार वर्षांपूर्वीची प्रवाळं आजच्या पाण्यापेक्षा मीटर दोन मीटर वर दिसतात, तिथे त्यानंतर समुद्र थोडा खाली गेला.

दुसरी गोष्ट ओढीची. बर्फाची चादर एवढी प्रचंड असते की ती आजूबाजूचं समुद्राचं पाणी गुरुत्वाकर्षणाने आपल्याकडे ओढून धरते. ती वितळली की ओढ सुटते, आणि तिच्यापासून साधारण २ हजार किलोमीटरच्या आत समुद्र चक्क खाली जातो, आणि ते पाणी लांब पसरतं. म्हणजे ग्रीनलंडचा बर्फ वितळला तर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पाणी उतरेल आणि आपल्या मोरजीला सरासरीपेक्षा थोडं जास्तच चढेल. अंटार्क्टिकाचं वितळलं तरी तेच, आपण तिच्यापासूनही लांब. लोक म्हणतात तिकडच्या बर्फाचं आपल्याला काय, तर बरोबर उलटं आहे, जेवढे लांब तेवढे जास्त सापडणार.

तिसरी सुधारणा साधी आहे. आजचा तळ म्हणजे तेव्हाची जमीन नव्हे. किनाऱ्याजवळच्या भागात, साधारण ५० मीटर खोलीपर्यंत, नद्यांनी त्यानंतर आणलेला चिखल थरांनी बसलाय, त्यामुळे तिथल्या रेषा प्रत्यक्षापेक्षा थोड्या समुद्राकडे सरकलेल्या दिसतात. बाहेरच्या भागात मात्र जुनी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा अजून उघडा पडलाय, त्यावर नंतर फारसं काही बसलंच नाही. खोल पाण्यात जाळं ओढणाऱ्या कोणालाही विचारा, कुठे चिखल संपून चरचरीत वाळू लागते ते जाळ्याच्या ओढीवरूनच सांगतात ते. ती वाळू जुन्या किनाऱ्याची आहे.

बांधावर आणि खडकावर जाऊन

घरचं झालं, आता बाहेर. पावसाळ्यात खडकांवर अजिबात जाऊ नका, नोव्हेंबर ते एप्रिल बरा, अमावास्या पौर्णिमेची ओहोटी भरतीच्या तक्त्यात बघून जा आणि पाणी वळायच्या आत परत फिरा. प्रवाळ कुठेही दिसलं तरी हात लावायचा नाही, कायद्याने संरक्षित आहे.

खडकावर कालवं कुठे चिकटलेली आहेत ते बघा. जिवंत कालवांचा एक पट्टा असतो, त्याच्या वर एका ठराविक रेषेच्या पुढे ती जगत नाहीत कारण पाण्याबाहेर फार वेळ राहावं लागतं. आता समजा तुम्हाला त्याच्या बरंच वर, खडकाला घट्ट चिकटलेली मेलेली जुनी कालवं सापडली, तर मोजायचं ते समुद्रापासून नाही, जिवंत रेषेपासून मेलेल्या रेषेपर्यंत. समुद्र तर दर मिनिटाला हलतोय, भरती ओहोटीत दोन मीटरचा फरक पडतो. सारख्याशी सारखं ताडलं की भरती ओहोटी हिशोबातून आपोआप गळून जाते. मोजायला मिस्त्रींची पारदर्शक लेव्हल ट्यूब सगळ्यात उत्तम, पाणी भरा, एक टोक जिवंत रेषेवर, दुसरं वर, आणि फरक वाचा, सेंटीमीटरपर्यंत बरोबर येतं.

सुटी शिंपली मात्र धरू नका. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते, आमच्या शेजारी विहीर खणताना दीड मीटरवर तिसऱ्यांचा थर लागला होता, मी आनंदाने सगळ्यांना सांगितलं की इथे खाडी होती, आणि नंतर एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं की ती जागा बाहेरून माती आणून भरलेली. तिसऱ्या, शिनाणे, कालवं माणसं खातात आणि कवचं टाकतात, शिंपल्या भाजून चुना करायचे तोही जुन्या घरांच्या आसपास मातीत मिसळलेला असतो. खडकाला चिकटलेलं असेल, किंवा चिखलात दोन्ही झडपा मिटलेली, जगत होती तशीच उभी असेल, तरच ती आपल्या जागेवर आहे असं धरायचं. खारफुटीच्या मुळांचा काळा थर जास्त भरवशाचा, कारण खारफुटी भरतीच्याच पट्ट्यात वाढते आणि त्या लाकडाचं रेडिओकार्बनने वय काढता येतं, लखनौ आणि अहमदाबादला तशा प्रयोगशाळा आहेत. असं काही सापडलं तर उकरू नका, फोटो काढा, जागा आणि उंची लिहा आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जाऊन कोणाला तरी दाखवा.

आणि हो, गोव्यातल्या मुलांना हे माहीत असलंच पाहिजे की भारताचा बर्फाचा अभ्यास आपल्याच गावातून चालतो. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला मुरगावहून निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर पोचली. पुढे तिथे दक्षिण गंगोत्री केंद्र उभारलं, ते काही वर्षांतच बर्फात गाडलं गेलं, मग मैत्री आणि २०१२ मध्ये भारती. या सगळ्याचं काम बघणारी ध्रुवीय संशोधन संस्था वास्कोला आहे. ज्या चादरींनी आपला किनारा शंभर किलोमीटर हलवला त्यांतल्या एकीवर जाणारे लोक वास्कोच्या बाजारात मासे घेताना भेटू शकतात.

वरची रेषा

शेवटची रेषा पाण्याच्या वर काढायची. सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वी, दोन हिमयुगांच्या मधल्या उबदार काळात, जगाचं तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा अंदाजे अर्धा ते दीड अंशच जास्त होतं, आणि समुद्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर वर होता. तेवढं पाणी ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोघींकडून मिळून आलं असावं. त्याच जेब्कोच्या डेटात जमिनीची उंचीही आहे, अधिक ५ ची रेषा काढा, मग अधिक १० ची. सखल जागी हा डेटा झाडं आणि घरांमुळे थोडा चुकतो हे धरूनच बघा, तरी पणजीत मळा आणि अठरा जून रस्ता पाण्यात आणि आल्तिनो वर राहिलेलं दिसेल, दिवाडी चोडणची खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं) सगळी आत. खाजनं तर आजच भरतीच्या पाण्याच्या खालच्या पातळीवर आहेत, बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) आहे म्हणून तिथे कोरगुट भात पिकतो.

आमच्या नकाशावर सहा रेषा समुद्रात आणि दोन जमिनीवर आहेत, भिंतीवर लावलाय. जाण्याआधी भाच्याने स्वतःहून एक काम केलं, मानशीच्या दगडी खांबावर जिवंत कालवांची वरची रेषा कुठे आहे तिथून खांबाच्या माथ्यापर्यंत टेपने मोजून वहीत लिहिलं, तारीख घातली, आणि मला सांगितलं, मावशे, पुढच्या मे मध्ये परत मोजायचं, आणि त्याच्या पुढच्या मे मध्येपण.